ठिपके, रेघा आणि सीडीआर फाइल

गेले चार महिने इथे काही लिहिलं नाही. "तब्येत बरी आहे ना?" असे तीन-चार निरोप आले. तब्येत उत्तम आहे. मी एका कामात अडकले होते, आणि ते काम ऐकून आमच्या शाळेतल्या जुन्या मैत्रिणी नक्की हसतील. कोरल ड्रॉमध्ये काढलेली चौसष्ट चित्रं दुसऱ्या प्रोग्राममध्ये न्यायची होती. मी आयुष्यभर मराठी शिकवलं. पदवीसुद्धा मराठी माध्यमातली. संगणकाशी ओळख निवृत्तीनंतरची, तीही टायपिंगपुरती. पण या चार महिन्यांत जे कळलं ते लिहून ठेवावंसं वाटतं, कारण अशा फाइली आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी सीड्यांवर पडून असतील.

नात्यातल्या मंडळींना मागचं सगळं ठाऊक आहे. इतरांसाठी थोडक्यात सांगते. माझ्या धाकट्या भावाचं सांगलीत गावभागात डीटीपीचं छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, गणेश मंडळांचे अहवाल, असली कामं. आई २००३ साली गेली. तिची रांगोळ्यांची एक वही होती, शंभरपानी, ती भावाकडे राहिली. २००४ ते २००७ या काळात दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो त्या वहीतली एकेक रांगोळी कोरलमध्ये काढत बसायचा. शेजारी आईने लिहिलेली कृती टाइप करायचा. पुस्तिका काढायची होती. लग्नसराई, निवडणुका, मुलीचं शिक्षण यांत ती राहिली ती राहिलीच.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला जो पूर आला त्यात दुकान बुडालं. संगणक गेले, कागदाची रिमं गेली. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर आईच्या वहीचा लगदा झालेला. भाऊ फार बोलणारा नव्हता. "ताई, वही गेली," एवढंच त्याने फोनवर सांगितलं. २०२२ मध्ये तोही गेला. माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात नऊ सीड्या होत्या, तेवढ्या राहिल्या.

यंदा पाडव्याला माझी पुतणी पुण्याहून आली. ती डिझाइनचंच काम करते, पण तिच्या ऑफिसात इलस्ट्रेटर आणि घरी इंकस्केप. म्हणाली, "आत्या, आजीच्या रांगोळ्यांची पुस्तिका आपण काढू. बाबांच्या फाइली मी उघडते." मी म्हटलं उघड. आम्हाला वाटलं होतं रविवारभराचं काम आहे.

आधी ही व्हेक्टर भानगड काय असते ते सांगते. मला ती आईच्या रांगोळीवरूनच समजली.

फोटो म्हणजे बारीक रंगीत चौकोनांची चादर. मोठा करत गेलं की चौकोन दिसायला लागतात. व्हेक्टर चित्रात चौकोन नसतात, कृती असते. आमच्या शेजारणीने आईला एखादी रांगोळी मागितली की आई सांगायची, "अकरा ते सहा ठिपके. मधला सोड, त्याच्या भोवतीचे सहा धर, तिथून वळण घेऊन खालच्या ओळीत ये." अकरा ते सहा म्हणजे मधली ओळ अकराची, वर-खाली एकेक कमी होत सहावर थांबायचं. मोजून पाहा, एकूण एक्क्याण्णव ठिपके होतात. एवढं कळलं की शेजारीण ठिपक्यांत दोन बोटांचं अंतर ठेवो की वीतभर, रांगोळी तीच यायची. व्हेक्टर फाइलमध्ये असंच असतं. कुठल्या बिंदूपासून निघायचं, कुठल्या बिंदूला जायचं, वाटेत वळण किती द्यायचं. म्हणून तीच रांगोळी पत्रिकेच्या कोपऱ्यातही बसते आणि फ्लेक्सवरही फाटत नाही.

वळणाचं गणित फ्रान्समधल्या मोटार कारखान्यांतून आलं. गाडीच्या पत्र्याचा बाक कागदावर नेमका कसा सांगायचा, हा तिथला प्रश्न. रेनॉ कंपनीतले पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात ही रीत प्रसिद्ध केली आणि तिला त्यांचं नाव पडलं. सित्रोएनमधल्या पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्येच हे गणित मांडलं होतं, पण ते कंपनीने बाहेर पडू दिलं नव्हतं. एका वळणाला चार बिंदू लागतात. दोन टोकं, आणि रेघेला आपल्याकडे ओढणारे मधले दोन. रेघ त्या मधल्या दोघांना सहसा शिवत नाही, नुसती त्यांच्या ओढीने वाकते. (संसारात अशी माणसं असतात, पण तो विषय वेगळा.)

अ‍ॅडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा १९८४ ची, इलस्ट्रेटर १९८७ चा, कोरल ड्रॉ १९८९ चा. तिघेही हेच बेझिए वळण वापरतात. मग मी पुतणीला विचारलं, गणित एकच आहे तर एकाची फाइल दुसऱ्याला कळत का नाही?

तिने उत्तर दिलं ते स्वयंपाकघरातलं होतं. "आत्या, तू आणि आई दोघी पुरणपोळी करता. पण तुझ्या वहीत 'दोन वाट्या' लिहिलंय ती वाटी तुझ्या घरातली." प्रत्येक प्रोग्राम वळणांखेरीज पुष्कळ गोष्टी आपल्या मापाने लिहितो. लेयर कसे, सावली कशी, एका आकारात दुसरं चित्र कोंबायचं ते कसं (कोरलवाले त्याला पॉवरक्लिप म्हणतात), अक्षरं कशी. शिवाय कोरलच्या सीडीआर फाइलची आतली मांडणी बाहेरच्यांसाठी लिहून ठेवलेली नाही. काही स्वयंसेवकांनी फाइली उलगडून, ताडून पाहून तिचा अर्थ लावला. त्यांच्या कामामुळे लिबरऑफिसमध्ये २०१२ पासून आणि पुढे इंकस्केपमध्येही सीडीआर उघडता येते. शिलालेख वाचणाऱ्यांचं काम मला आठवलं.

आणि प्रोग्रामही माणसांसारखे जातात. फ्रीहँड नावाचा एक चांगला प्रोग्राम होता. तो ज्या मॅक्रोमीडिया कंपनीकडे होता ती २००५ मध्ये अ‍ॅडोबीने घेतली आणि २००७ मध्ये फ्रीहँड आता पुढे वाढणार नाही असं जाहीर झालं. ज्यांनी वर्षानुवर्षं त्यात कामं केली त्यांच्या फाइली पोरक्या झाल्या. म्हणून जाणती माणसं मधल्या भाषांत एक प्रत ठेवतात. ईपीएस ही जुनी मधली भाषा. पीडीएफ १९९३ ची, २००८ पासून तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा आहे. एसव्हीजी सप्टेंबर २००१ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने मान्य केली. तिची मांडणी सगळ्यांसाठी खुली आहे. आम्ही एसव्हीजी आणि पीडीएफ धरायचं ठरवलं.

नऊपैकी दोन सीड्या वाचल्याच गेल्या नाहीत. पण प्रत्येक काम दोनदा राइट करून ठेवायची भावाची सवय होती, म्हणून चौसष्टच्या चौसष्ट रांगोळ्या हाती लागल्या. पुतणीने पहिली फाइल इंकस्केपमध्ये उघडली. रेघा आल्या. ठिपके आले. आईच्या कृतीच्या जागी मात्र रोमन अक्षरं, मधेच डॉलरचं चिन्ह, मधेच कंस, अशी खिचडी होती.

यात इंकस्केपचं काही चुकलं नव्हतं. त्या काळातले डीटीपीचे मराठी फॉन्ट युनिकोडचे नव्हते. संगणकाला वाटायचं आपण रोमन अक्षरं साठवतो आहोत. फॉन्ट तेवढा त्या अक्षराच्या जागी 'क' किंवा काना दाखवायचा. फॉन्ट काढून घेतला की सोंग उतरतं आणि आतली रोमन अक्षरं उघडी पडतात. जुन्या पीडीएफमधला मराठी मजकूर कॉपी करून पाहिलेल्यांना हा अनुभव असेलच.

आमच्या घराजवळ एकाचं डीटीपीचं दुकान आहे. माझाच विद्यार्थी, आता पन्नाशीला आला. त्याच्याकडे कोरल आहे आणि जुना फॉन्टही निघाला. तो म्हणाला, "बाई, टेन्शन घेऊ नका. सगळं कर्व्ह करून देतो."

कर्व्ह करणे हा छापखान्याच्या जगातला रोजचा शब्द. मजकूर निवडायचा, कंट्रोल धरून क्यू दाबायचा, की अक्षरांची चित्रं होतात. मग पुढच्या माणसाकडे फॉन्ट असो-नसो, 'क' हा 'क'च दिसणार. लग्नपत्रिका छपाईला देताना मुलाचं नाव भलतंच छापून येऊ नये म्हणून हाच उपाय करतात. त्याने दोन दिवसांत चौसष्ट फाइली कर्व्ह करून, एसव्हीजी आणि पीडीएफ काढून पेनड्राइव्हवर दिल्या. पैसे घेईना. शेवटी त्याच्या मुलीसाठी एक शब्दकोश दिला.

छपाईसाठी एवढं पुरलं असतं. वहिनीचंही म्हणणं तेच होतं. "वन्सं, दिसतंय ना नीट? मग छापून टाका की." पुतणीही म्हणाली की रांगोळी महत्त्वाची, मजकूर चित्र म्हणून राहिला तरी चालेल.

मला मात्र ते पटेना. कर्व्ह केलेला मजकूर माणसाला वाचता येतो, पण संगणकाच्या लेखी ती नुसती वेडीवाकडी आकृती. त्यात 'गोपद्म' हा शब्द शोधा म्हटलं तर तो सापडणार नाही. डोळ्यांनी अधू माणसाला संगणक तो वाचून दाखवणार नाही. उद्या कुणाला एक ओळ दुसरीकडे घ्यायची झाली तर हाताने उतरावी लागेल. चाळीस वर्षं फळ्यावर अक्षरं काढलेल्या बाईला, आपल्या आईचे शब्द चित्र होऊन राहावेत हे कसं रुचावं? मी म्हटलं, दोन प्रती करू. एक कर्व्हची, रूप राखायला. दुसरी युनिकोडची, शब्द राखायला. युनिकोडचं काम माझं.

फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर असतात. त्यातून मजकूर काढला, आणि मला पुन्हा दहावीच्या वह्या तपासायला मिळाल्यासारखं झालं. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर साठवतात, कारण उच्चार नंतर आहे. त्यामुळे 'ठिपका' या शब्दाची वेलांटी कधी मागच्या शब्दाला चिकटायची, कधी अधांतरी लोंबायची. रफाराचं उलटं. जुन्या फॉन्टमध्ये तो शेवटी ठेवतात, युनिकोडमध्ये 'र्' आधी येतो. 'सूर्य' प्रत्येक वेळी हाताने दुरुस्त केला. आणि सगळ्यांत छळलं ते 'दुसऱ्या'ने. या शब्दातला आडवा र कन्व्हर्टरला झेपत नव्हता, तो तिथे सरळ छोटी आडवी रेघ मारायचा. 'दुस-या' असं लिहिलेलं मराठी तुम्ही इंटरनेटवर कितीदा तरी पाहिलं असेल. रांगोळीच्या कृतीत 'दुसऱ्या' आणि 'तिसऱ्या'वाचून पान हलत नाही, तेव्हा किती वेळा दुरुस्त केलं असेल याची कल्पना करा.

एक प्रश्न कन्व्हर्टरने सुटणारा नव्हता. आई चौथी शिकलेली. ती 'वळन' लिहायची, 'ठीपका' लिहायची, 'मदला' लिहायची. भावाने ते सगळं जसंच्या तसं टाइप केलं होतं. मी वही बघितली होती तेव्हा लहान होते, शुद्धलेखनाकडे कोण बघतं! आता लाल पेनची सवय असलेला हात शिवशिवला. पुतणीला फोन केला. ती म्हणाली, "आत्या, तू ठरव, तुझी आई." दोन दिवस तसेच गेले. मग मी 'वळन' हे 'वळन'च ठेवलं. आई बोलायची तसंच लिहायची. ते 'वळण' केलं असतं तर वाचताना तिचा आवाज ऐकू आला नसता, माझाच आला असता. कन्व्हर्टरने बिघडवलेलं तेवढं मी सुधारलं. आईचं मी तपासलं नाही.

या कामात एकदा कुतूहलाने मी एसव्हीजी फाइल नोटपॅडमध्ये उघडली. कुणाला नवल वाटेल, पण ती चक्क वाचता येते. आत नुसता मजकूर असतो. 'एम' आलं की चिमूट उचलून त्या बिंदूवर न्यायची. 'एल' म्हणजे सरळ रेघ. 'सी' म्हणजे वळण, त्याच्यापुढे ओढ देणारे दोन बिंदू आणि मग पोचायचं ठिकाण. 'झेड' म्हणजे सुरुवातीच्या ठिपक्याला येऊन मिळ. मी एका बाजूला ती फाइल आणि दुसऱ्या बाजूला आईची कृती ठेवून एक अख्खी पाकळी ताडून पाहिली. 'तिथून वळन घेऊन खाली यावे, गाठ मारावी.' सी, सी, झेड. दोघींचं जुळलं!

आता स्थलांतरात बाकी काय काय बिघडतं ते पटापट सांगते, कुणाच्या उपयोगी पडेल.

रंग. छपाईसाठीची फाइल चार शाईंच्या हिशेबाने असते, पडद्यावरची तीन प्रकाशांच्या. एकातून दुसरीकडे जाताना कुंकवाचा लाल विटकरी झाला. रंग डोळ्यांनी पाहून पुन्हा भरले.

वर्तुळ. कोरलमध्ये वर्तुळ हे वर्तुळ असतं. पोस्टस्क्रिप्टच्या वळणीत गेलं की त्याची चार बेझिए वळणं होतात, आणि बेझिए वळणाने अचूक वर्तुळ काढताच येत नाही. फरक किती? त्रिज्येच्या ०.०२७ टक्के. म्हणजे दहा मीटर त्रिज्येची रांगोळी काढलीत तरी तीन मिलिमीटरांच्या आत. हातातून सुटणाऱ्या रांगोळीची रेघ त्याहून जाड असते.

माप. पुतणीला दोन-चार रांगोळ्यांचे साचे लेझरने कापून घ्यायचे होते. ठिपक्यांतलं अंतर एक इंच ठेवलेलं, कापून आलं ते पाऊण इंच. कारण एसव्हीजीत माप इंच-मिलिमीटर न लिहिता नुसत्या आकड्यांत होतं. एक प्रोग्राम बहात्तर एककांचा इंच धरतो, दुसरा शहाण्णवांचा. बहात्तर भागिले शहाण्णव, बरोबर पाऊण. इंकस्केप तर २०१७ च्या आधी नव्वदांचा इंच धरायचा, त्या वर्षी त्यानेही शहाण्णव केला. मोडीतल्या शेरांचे हिशेब शिकवणाऱ्या आमच्या आजोबांना हे फार आवडलं असतं, गावोगावचा शेर वेगळा! उपाय सोपा आहे. फाइलमध्ये एका कोपऱ्यात एक इंचाची रेघ काढून ठेवावी आणि दुसरीकडे गेल्यावर ती मोजावी.

जोड. पडद्यावर दोन रेघा एकमेकींवर आलेल्या दिसतात, पण त्यांचे नोड जोडलेले नसतात. लेझरवाल्याला त्या दोन वेगळ्या रेघा वाटतात. तीन रांगोळ्यांत असं होतं. आई ओरडायची, "रेघ जुळली पायजे!" तेच लेझरवाला म्हणाला, फक्त नोड म्हणाला.

लेयर. भावाने प्रत्येक फाइलमध्ये ठिपके, रेघा, रंग आणि मजकूर वेगवेगळ्या लेयरवर ठेवले होते. लेयरना रोमन लिपीत नावं दिली होती. ईपीएसमध्ये हे सगळं एकाच थरात चेपलं गेलं असतं. एसव्हीजीत त्यांचे निदान गट तरी राहिले. ठिपके हवे तेव्हा झाकता येतात, म्हणजे शिकणाऱ्याला आधी नुसते ठिपके देता येतील.

असं करत काम संपत आलं होतं. सगळ्या फाइली नव्या जागी गेल्या, मजकूर तपासून झाला. पुतणी जुन्या सीडीआर फाइली एका फोल्डरमध्ये हलवत होती. तेव्हा तिचा फोन आला.

"आत्या, गोपद्माची सीडीआर चाळीस केबी आहे. कासवाची पाच एमबी का?"

मला काय कळणार! तिनेच समजावलं. रेघांची कृती किती मोठी असणार? गोपद्म आणि कासव, दोन्हींत वळणं सारखीच. पाच एमबी व्हायला आत काहीतरी फोटोसारखं असायला हवं. पण कासवाच्या पीडीएफमध्ये आणि एसव्हीजीत तसं काही आलं नव्हतं. चौसष्टपैकी सव्वीस फाइली अशा जड होत्या.

फाइल घेऊन मी पुन्हा विद्यार्थ्याच्या दुकानात गेले. त्याने कोरलमध्ये ऑब्जेक्ट मॅनेजर उघडला. त्यात प्रत्येक लेयरसमोर एक डोळा, एक प्रिंटर आणि एक पेन्सिल अशी चित्रं असतात. डोळा म्हणजे दिसणं, प्रिंटर म्हणजे छापणं, पेन्सिल म्हणजे बदल करता येणं. सगळ्यांत खाली एक लेयर होता, त्याचे तिन्ही बंद. "बाई, हा छापायचा नव्हता, म्हणून एक्सपोर्टमध्ये आला नाही," असं म्हणत त्याने डोळ्यावर क्लिक केलं.

आईच्या वहीचं पान आलं.

पिवळट, कडेला तेलाचा डाग, निळ्या शाईतलं तिचं अक्षर. भावाने पान स्कॅन करून खाली ठेवलं होतं आणि त्यावरून रेघा गिरवल्या होत्या. गिरवून झाल्यावर छपाईत येऊ नये म्हणून लेयर बंद करून टाकला. बांधकाम झालं की परांची काढतात, तसं. त्याने फक्त ती काढून टाकली नव्हती. पुरात वही गेली तेव्हा हे त्याच्या ध्यानात नसावं. मधे बारा वर्षं गेली होती. असतं तर तो फोनवर तेवढंच बोलून थांबला नसता.

सव्वीस पानं निघाली. विद्यार्थ्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि मला चहा आणून दिला.

त्या पानांत भावाने टाइप न केलेलंही काही आहे. आई समासात शिसपेन्सिलीने बारीक नोंदी करायची. 'पंचमीला काढली.' 'शेजारनीला दिली.' रांगोळीच्या कृतीशी त्याचा संबंध नाही, म्हणून त्याने घेतलं नसेल. पंधरा ते आठ ठिपक्यांच्या एका मोठ्या कमळाच्या पानावर लिहिलं आहे, 'थोरलीच्या लग्नात दारात काढली. पाऊस आला. पुसली. परत काढली.'

थोरली म्हणजे मी. लग्न १९७४ सालचं, जूनमधलं. पाऊस आल्याचं मला आठवतं. रांगोळी आठवत नाही. नवरी मुलगी दारातली रांगोळी कुठली बघते! एकशे एकोणसत्तर ठिपके होतात पंधरा ते आठचे. ते तिने त्या दिवशी दोनदा मांडले होते.

समासातल्या या नोंदी मी आता युनिकोडमध्ये उतरवल्या आहेत, आणि पुस्तिकेत प्रत्येक रांगोळीच्या खाली त्या येतील. राहिलेल्या अडतीस रांगोळ्यांची पानं मात्र नाहीत. त्या भावाने बहुधा वही समोर ठेवून नजरेनेच काढल्या.

आता कामाचं. ज्यांच्या घरी पत्रिका, बोधचिन्हं, नकाशे, असलं काही जुन्या सीड्यांवर असेल त्यांनी ते या वर्षीच उतरवून घ्यावं, सीडी वाचणारं यंत्र हल्ली सगळीकडे मिळत नाही. फाइलसोबत फॉन्टही जपावा. एक प्रत कर्व्हची आणि एक अक्षरांची ठेवावी. एक पीडीएफ, एक एसव्हीजी करावी. आणि हे सगळं झालं तरी मूळ फाइल टाकून देऊ नये. नव्या फाइलमध्ये आपण मागितलं तेवढंच येतं. जुनीत काय काय झाकून ठेवलंय हे ठेवणाऱ्यालाही कधी आठवत नाही.

नात्यातल्या बायकांना एक विनंती. आईने तुमच्याकडे लग्नाकार्यात काढलेल्या रांगोळीचा एखादा फोटो कुणाच्या अल्बममध्ये असेल, कोपऱ्यात का होईना, तर मोबाइलवर काढून मला पाठवा. माझ्या लग्नाच्या फोटोंत मी शोधलं. दारातला एकही फोटो नाही. पुस्तिका दिवाळीच्या आत छापून होईल. प्रती कुणाला किती हव्यात ते वहिनीला कळवा, मला कळवलंत तर मी विसरेन.